साडभाऊंच्या मालिकेची सोयरीक

माणसाला थक्क करून सोडण्याचा मक्ता देवाने एकाच इसमाला दिलेला आहे, आणि तो इसम माझा साडभाऊ, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा निघावा, हे माझं नशीब. गेल्या चोवीस वर्षांत मी त्यांच्या घरून एकदाही धड तोंड मिटून परतलेलो नाही. हिंगण्याच्या एका कारखान्यात ते तयार मालाची तपासणी करतात आणि हुडकेश्वरहून तिकडे जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये आदल्या संध्याकाळच्या मालिकांची. कोणती सून कुठे चुकली, खलनायिकेने कट शिजवताना दार का लावून घेतलं नाही, हे सगळं हिंगणा येईस्तोवर निकालात निघतं. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात मानपानावरून दोन्हीकडच्या मामांची जुंपली, माझ्या तोंडचं पाणी पळालं, तेव्हा हे कोपऱ्यात बसून वहीत टिपून घेत होते. प्रकरण जरा निवल्यावर नवऱ्यामुलाच्या मामाजवळ जाऊन त्यांनी नम्रपणे विचारलं, की मघाचं ते शेवटचं वाक्य पुन्हा एकदा, पण सावकाश म्हणाल का. तरीही लग्न मोडलं नाही, याचं श्रेय मी अजून टेकडीच्या गणपतीला देतो.

तेव्हा अशा माणसाने एक दिवस स्वतःच मालिका लिहिली यात नवल काहीच नव्हतं. इंटरनेटवर कुठलीशी एक जागा असते म्हणे, तिथे कोणीही आपली कल्पना एका पानात टाकावी, मुंबईचे निर्माते ती वाचतात आणि आवडली तर कळवतात. कथा चोरीला जाईल या धास्तीने त्यांनी ती कोणालाही सांगितली नव्हती. बायकोला नाही, आईला नाही, मला तर नाहीच. फक्त पाठवायच्या दिवशी अर्ज बिनचूक आहे ना बघायला म्हणून मला बोलावलं आणि कथेचं पान झाकून बाकीचा अर्ज दाखवला. 'लेखकाविषयी' या चौकटीत लिहिलं होतं: उंची पाच फूट चार इंच, वर्ण गव्हाळ, रास, नाडी, मामेकुळ, स्वतःचं घर, निर्व्यसनी. आणि सगळ्यात खाली, 'अपेक्षा: निर्माते संस्कारी व समजूतदार असावेत.' स्वतःच्या तीन बहिणी त्यांनी याच नमुन्यावर उजवल्या होत्या, आता तोच मालिकेला लावला होता. मी हादरलोच. म्हटलं, अहो, त्यांना गोष्ट हवी आहे, तुमची नाडी घेऊन ते काय करतील?

"भाऊ, मुंबईवाले असो का उमरेडवाले," ते शांतपणे म्हणाले, "समोरचा आधी घराणंच पाहते." आणि त्यांनी बटण दाबलं.

चौथ्या दिवशी तिथे दिसलं की एका निर्मात्याने कल्पना पाहिली आहे. झालं. साडभाऊंच्या लेखी मुलगी पाहून झाली होती, आता पाहुणे यायचे तेवढे बाकी होते. घराला रंग दिला गेला. दिवाणावर नवी चादर आली आणि तिच्यावर बसायला घरच्यांना बंदी झाली. दर रविवारी सकाळी वहिनी, म्हणजे साडभाऊंच्या पत्नी, पोहे भिजवायच्या, त्यांवर ओतायची झणझणीत तर्री गॅसवर रटरटत ठेवायच्या; अकरा वाजेपर्यंत मुंबईचं कोणी आलं नाही की पोहे संपवायला मला फोन. असे अकरा रविवार मी निर्मात्यांच्या वतीने पोहे खाल्ले. दर वेळी विचारायचो, मेल तरी उघडून पाहिली का. ते माझी कीव आल्यासारखे बघायचे.

"मेल तर नकार द्याले करतात. होकार असला का माणूस घरी येते. आपल्या सासऱ्यानं काय तुम्हाले मेल केली होती?"

आमचे सासरे खरंच स्वतः आले होते, पेढ्यांचा डबा घेऊन.

एवढी घाई कशाची, हे मला वहिनींकडून कळलं. घरात साडभाऊंच्या आई आहेत, ऐंशीच्या पुढच्या. आयुष्यभर नवऱ्याच्या हातमागासाठी त्यांनी सुताच्या कांड्या, म्हणजे विणायच्या धाग्याची रिळं, भरल्या. आता डोळे चालले आहेत. डॉक्टरांनी सांगितलं की आहे ती नजर काही महिन्यांची. त्या टीव्हीला नाक लावून बसतात आणि रोज एकच प्रश्न विचारतात, या बायांच्या हाताले काही काम काहून नाही? त्यांना दिसतंय तोवर पोराला आपली मालिका त्यांना दाखवायची होती.

बाराव्या रविवारी मी हट्टच धरला आणि त्यांच्यासमोर मेल उघडली. तीन ओळींचं उत्तर होतं: कल्पना वेगळी आहे, मनाला भिडली, पण सध्या आमच्या योजनेत बसत नाही. तारीख पाहून मी सुन्न झालो. ते येऊन दोन महिने झाले होते. दोन महिने नकार त्यांच्या खिशातल्या मोबाइलमध्ये पडून होता आणि हा माणूस दिवाणाची चादर बदलत होता. मी वाचून दाखवलं. ते चादरीची सुरकुती काढत राहिले.

आतून त्यांच्या आईंनी विचारलं, "काय म्हणतात गा मुंबईवाले?"

"नाही म्हणतात, आई."

त्या भिंतीला धरत बाहेर आल्या आणि थेट त्या राखीव दिवाणावर बसल्या. "तुह्या लहान बहिणीले नऊ ठिकाणून नकार आला होता. पोरगी वाईट होती काय? मले तरी सांग, काय लिहिलं त्यात."

मग साडभाऊंनी पहिल्यांदा ती कथा सांगितली. पहाटे उठून कांड्या भरणाऱ्या एका बाईची. तिच्या सुतावर नवऱ्याचा माग चालतो, घर चालतं, आणि साडी कोणी विणली म्हटलं की नाव मात्र नवऱ्याचं निघतं. ती कोण हे मला दोन मिनिटांत कळलं. त्यांच्या आईंना त्याही आधी कळलं असावं. त्या ऐकत होत्या आणि मांडीवर त्यांची बोटं आपोआप सूत गुंडाळल्यासारखी फिरत होती. मध्ये एकदाच म्हणाल्या, "मी एवढी बोलत नव्हती गा."

कथा संपली. त्यांची बोटं थांबली.

"शेवटी तिले एक साडी नेसव," त्या म्हणाल्या. "घरच्याच मागावरची."

घरच्या मागावर उतरलेली साडी व्यापाऱ्याकडे जायची. त्यातली एकही त्यांच्या अंगाला लागली नव्हती, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. साडभाऊंनाही नसावं. त्यांनी वही काढली, पेन उघडलं आणि विचारलं, "कोणत्या रंगाची, आई?"

"जांभळी," त्या जराही न थांबता म्हणाल्या. "करवतकाठी. पदर मोठा ठेवजो."