वामनरावांनी मला विचारलं नाही

आदरणीय वामनराव वकिलांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. गौरव-अंकाच्या मंडळींनी मलाही लिहायला सांगितलं, कारण त्यांची पुस्तकं घेऊन बाजार पालथे घालणारा मीच. माझी शाळा सातवीत सुटली आणि पाय एका गावात टिकत नाहीत. तरी लिहितो. लिहिताना मान खाली आहे, ती का ते पुढे येईलच.

वामनरावांना मी पहिल्यांदा पाहिलं ते कर्जतच्या बाजारात, मिरचीवालीच्या शेजारी. अंगातला काळा कोट काढून मांडीवर घेतलेला, पुढ्यात गोणपाट, त्यावर त्यांनी स्वतः लिहिलेली पातळ पुस्तकं. दिवाणी दावा म्हणजे काय, समन्स आलं तर काय करायचं, वाटणीत बाईचा हक्क किती, असलं त्यात. मी खरं तर कुस्त्या बघायला चाललो होतो. एक म्हातारबुवा त्यांना म्हणत होते, "वकीलसाहेब, समदं हितंच छापलं तर तुमच्याकडं कोन येनार?"

"तुम्ही लोक फार उशिरा येता, बाबा. हे वाचून वेळेवर याल."

"मला वाचता येत न्हाई."

"मग बसा. मी वाचतो."

आणि वाचलं की त्यांनी, अगदी सगळं. कुस्त्या राहिल्या, मीही तिथंच बसलो.

पुढे पुस्तकांची पिशवी माझ्या खांद्यावर आली. बेलापूरला एकदा मी तमाशाच्या फडाबरोबर आठवडाभर हरवलो, पिशवी ढोलकीवाल्याकडे पडून राहिली. परतल्यावर वामनराव रागावले नाहीत. "त्यानं वाचलं का रे?" एवढंच विचारलं. त्यानं वाचलं होतं आणि त्याला शंकाही होत्या. त्या वामनरावांनी पोस्टकार्डावर लिहून फेडल्या.

त्यांच्या पुस्तकांचं सार एकच, की ज्याला दाव्याची खबरच दिली नाही, त्याच्याविरुद्ध निकाल होऊ नये. हे मी सोनईपर्यंत ओरडून विकलं. आणि नेमकं तेच आमच्या घरात घडलं.

माझी चुलती विधवा. विहिरीजवळचं रान तिच्या वाटणीचं. ती ऊसतोडीला गेली आणि इकडे माझ्या थोरल्या भावानं, दादानं, ते रान आपलंच म्हणून दावा लावला. बेलिफ समन्स घेऊन आला तेव्हा दादानं सांगितलं, बाई घरात आहे, घेत नाही म्हणते. गल्लीतल्या दोघांनी त्यावर सही केली, कागद दाराला चिकटला. उन्हाळ्यात काकू परत आली तेव्हा एकतर्फी निकाल झालेला आणि तिच्या रानात दादाचा नांगर फिरलेला.

तो निकाल रद्द व्हावा म्हणून वामनरावांनी अर्ज दिला. फी घेतली नाही. अर्ज टिकायला एकच गोष्ट लागते. समन्स आलं त्या दिवशी काकू गावात नव्हती, हे सांगणारं कुणीतरी. काकूनं माझ्यादेखतच त्यांना सांगितलं, "ह्यो हुता की माज्यासंगं. कारखान्याच्या कोपीपतूर गाठोडं यानंच आनलं. त्या दिवशी तितंच जेवला."

खरं होतं ते. समन्स आलं त्या दिवशी मी तिच्या कोपीत, त्या पाचटाच्या झोपडीतच होतो. मी जमिनीकडे बघत राहिलो. वामनराव म्हणाले, "बाई, त्यालाही घर आहे. आपणहून आला तर येईल." मग माझ्याकडे वळून, "चहा घे, निवतोय." त्या दिवसानंतर कितीदा त्यांच्याकडे गेलो, पण त्यांनी तो विषय काढला नाही. पिशवी भरून देतात, जेवलास का विचारतात. त्यांनी एकदा झापलं असतं तर बरं वाटलं असतं.

घरी दादा ताट वाढता वाढता म्हणतो, "माजं खाऊन कोर्टात माज्यावरच बोलनार व्हय तू?" आई गेल्यावर त्यानंच मला वाढवलं. तरी ज्या हातांनी ती पुस्तकं विकली, तेच हात त्या ताटात आहेत, याची लाज वाटते. गावातली माणसं बाजारात पुस्तक चाळून परत ठेवतात. त्याचीही वाटते.

वामनरावांवर इथं मोठी माणसं मोठं लिहितील. मला त्यांच्या कायद्याची खोली कळत नाही. समोरच्याची लाज राखून त्याला वाट मोकळी ठेवणं, हे मात्र मी त्यांच्याकडे पाहिलं.

त्यांचे डोळे, आवाज आणि बाजारभर चालणारे पाय पुष्कळ वर्षं शाबूत राहोत. आणि सर्वांसमक्ष त्यांना एक विनंती. काकूच्या अर्जाच्या पुढच्या तारखेला साक्षीदार म्हणून माझं नाव द्यावं. दादाला मी आज सकाळी सांगितलंय. त्यानं माझं ताट वाढलं नाही.