मुलाखतीच्या दिवशी फुटाणे

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे मी जिथेतिथे सांगत सुटतो, असं काही लोक म्हणतात. सांगतोच. ज्यांच्या घरात आज्या-पणज्यापासून दौत-लेखणी होती त्यांना सांगायची गरज नाही. माझ्या बापाने जन्मभर अंगठा उमटवला, म्हणून मला सांगावं लागतं. मोताळ्याजवळच्या खेड्यातून अमरावतीला गेलो, खानावळीत ताटं वाढून तिथेच जेवलो आणि बी.ए. झालो. मग बुलढाण्याला जिल्हा परिषदेत कारकून म्हणून लागलो. महाराष्ट्र तेव्हा नवा होता, जिल्हा परिषदा त्याहून नव्या. टेबलांचा रंगसुद्धा हाताला लागायचा.

पोरगी सहा वर्षांची होत आली आणि शाळेचा विषय निघाला. नगरपालिकेची शाळा होतीच, तिथे कोणीही जावं आणि नाव घालावं. पण वकील-डॉक्टरांनी मिळून काढलेली एक खासगी शाळा होती, तिथे पहिलीपासून इंग्रजीची तोंडओळख करून देत. मला ती शाळा हवी होती. कॉलेजात पहिली दोन वर्षं मी इंग्रजीच्या तासाला मान खाली घालून बसलो होतो, प्राध्यापकाची नजर आपल्यावर पडू नये म्हणून. माझ्या पोरीची मान तशी खाली जाऊ नये, एवढंच माझं म्हणणं. त्या शाळेत मात्र मुलाखत असे, आणि तीही एकट्या मुलाची नाही. आई-वडील दोघांनी यावं, असं छापील पत्रच घरी आलं.

ऑफिसातले आमचे बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, पुण्याकडचे. त्यांची दोन्ही मुलं त्याच शाळेत. माणूस वाईट नव्हता. दुपारच्या चहाला त्यांनी मला समोर बसवलं आणि एका जुन्या टिपणाच्या पाठीमागे सगळं लिहून दिलं. मुलीने रंग सांगावेत, शंभरपर्यंत अंक म्हणावेत, एक कविता म्हणावी. ‘माय’ म्हणू नये, ‘आई’ म्हणावं. वडिलांनी नेमकं बोलावं. आईने शक्यतो बोलूच नये. तिचं शिक्षण विचारलं तर नॉनमॅट्रिक म्हणून सांगावं, कोण तपासायला येतं?

पंधरा दिवस आमच्या घरात नाटकाची तालीम चालावी तसं चाललं होतं. मी ट्रंकेवर बसायचो शाळेच्या मोठ्या बाई होऊन, आणि त्या दोघी समोर सतरंजीवर. पहिल्याच दिवशी मी आवाज चढवून पोरीला विचारलं, तुझं नाव काय? ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, “बाबा, तुमाले माईत नाही का?” तिला हे खोटं-खोटं आहे, हे समजवायलाच दोन दिवस गेले. पण एकदा समजलं तशी ती सुटली. पिवळा, हिरवा, जांभळा, सगळं धडाधड.

बायकोचं काम अवघड होतं. तिने नॉनमॅट्रिक म्हणजे काय ते विचारलं. मी म्हटलं, मॅट्रिकला बसलेली पण पास न झालेली.

“म्हणजे नापास?”

“तसंच म्हण.”

“मी तं कधी नापास झाली नाही,” ती म्हणाली. “कायले सांगू?”

खरंच होतं ते. चौथीपर्यंत शिकली, आणि प्रत्येक वर्गात पास होऊन शिकली. मी तिला समजावलं की जगात असं सांगावं लागतं. ती उठून चुलीकडे गेली. मला वाटलं, पटलं.

एवढी तयारी करून घेतली, पण एक गोष्ट मी सांगितली नाही. मुलाखतीनंतर शाळा ‘नाही’ म्हणू शकते, हे बायकोला माहीतच नव्हतं आणि ते सांगायचं मला सुचलं नाही. आमच्या खेड्यात पोर शाळेत घालणं म्हणजे काय? बापाने हात धरून न्यायचं. गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावायला सांगणार. हात पुरला की वय झालं, नाव लिहिलं. मग घरून आणलेले फुटाणे आणि गुळाचे खडे वर्गातल्या सगळ्या पोरांना वाटायचे. वाटले नाहीत तर पोराच्या डोक्यात अक्षर बसत नाही म्हणतात. शाळेने पोर परत पाठवलं, असं आमच्यात कोणी ऐकलंही नव्हतं.

मुलाखत मे महिन्यात होती. शाळेच्या व्हरांड्यात बाकं मांडलेली, दहा-पंधरा जोडपी बसलेली. बूटमोजे घातलेली मुलं आईच्या मांडीला चिकटून होती. मी आमच्या मंडळींना शेवटच्या बाकावर बसवलं आणि जन्माचा दाखला द्यायला आतल्या खोलीत गेलो. तिथे पाच-सात मिनिटं गेली असतील. बाहेर आलो तर माझी बायको व्हरांड्यात उभी. पदराखालून तिने एक फडकं काढलेलं, त्यात फुटाणे आणि गूळ, आणि भोवती सगळी पोरं हात पसरून. आमची पोरगी प्रत्येकाच्या हातावर मोजून गुळाचा खडा ठेवत होती. एक डॉक्टरीणबाई मुलाच्या तोंडापुढे रुमाल धरून “थुंक, थुंक आधी” म्हणत होत्या आणि तो चावतच होता.

तेवढ्यात शिपायाने पहिलं नाव पुकारलं. वकिलांचा मुलगा आत गेला तो गालफडं भरून. आत त्याला नाव विचारलं असणार. टेबलावर काय उडालं ते मी पाहिलं नाही, पण मोठ्या बाई पदर झटकत बाहेर आल्या.

त्यांनी विचारलं, हे कोणी वाटलं?

सगळा व्हरांडा आमच्याकडे बघत होता. बायकोने माझ्याकडे पाहिलं. बोलायचं काम तुझं नाही, माझं आहे, हे पंधरा दिवस मीच तिला घोकून दिलं होतं. ती माझ्या बोलण्याची वाट बघत होती, आणि मी खांबाजवळ उभा राहून गप्प होतो. लपवत नाही. दोन-तीन श्वास मी असा उभा होतो की जणू फुटाणे वाटणाऱ्या त्या बाईशी माझा काही संबंध नाही. बी.ए. झालेला माणूस. आजही ते आठवलं की कानशिलं तापतात.

मग मी पुढे झालो. “आम्ही वाटले,” मी म्हटलं.

“ही शाळा आहे. जत्रा नाही.”

“शाळा आहे म्हणूनच वाटले, बाई. आमच्याकडे पोर शाळेत घालताना वाटतात.”

त्या आत गेल्या. आमचा नंबर शेवटी आला. आत मोठ्या बाई आणि संस्थेचे दोन सभासद. पोरीने सगळे रंग सांगितले, अंक म्हटले, कविता म्हटली, ‘आई’सुद्धा म्हटलं. तिची एकही चूक झाली नाही. मग एका सभासदाने आईचं शिक्षण विचारलं. मी उत्तर देणार तोच बायको बोलली.

“चौथी शिकली मी. पुढं जाणार होती, पण कापूस येचाले जावं लागलं.”

“मग घरी हिचा अभ्यास कोण घेणार?”

“हे घेतीन ना. मी बी बसीन बाजूले. माह्यंबी होईन थोडं.”

ते गृहस्थ दुसऱ्याकडे बघून हसले. मोठ्याने नाही, जरासे. मला ते हसणं सहन झालं नाही. मी सांगितलं की माझ्या घरी माझा अभ्यास घ्यायला कोणीच नव्हतं, तरी मी समोर पदवी घेऊन बसलो आहे. तुमचं मोजमाप बरोबर असतं, तर मी इथवर आलोच नसतो. त्यांनी कागद सरकवत सांगितलं की प्रश्न तुम्हाला नव्हता. मुलाखत संपली.

घरी येताना बायको म्हणाली, “ते नाही म्हणू शकतात, हे तुमी मले आधी काऊन नाही सांगतलं?”

मी विचारलं, सांगितलं असतं तर फुटाणे नेले नसतेस का?

“नेले असते. पण आतून आल्यावर वाटले असते.”

आठवड्याने यादी लागली. आमच्या पोरीचं नाव नव्हतं. मी वरून खाली आणि खालून वर वाचली. बडे बाबूंनी आपणहून चौकशी केली आणि सांगितलं की एक जागा अजून रिकामी आहे, मुलगी हुशार आहे हे बाईंनीही मान्य केलं आहे. झाल्या प्रकाराबद्दल दिलगिरीचा चार ओळींचा अर्ज द्या, काम होऊन जाईल. मसुदे करणं तर तुमचं रोजचंच काम, असंही म्हणाले.

रविवारी सकाळी मी कागद घेऊन बसलो. खोटं कशाला बोलू, अर्ज द्यायचं मी ठरवलं होतं. पोरीच्या इंग्रजीपुढे माझा ताठा किती मोठा? ‘मा. मुख्याध्यापिका यांस’ लिहिलं. ‘विनंती अर्ज’ लिहिलं. ‘मुलीच्या आईकडून अज्ञानापोटी’ इथपर्यंत आलो. बायको ज्वारी निवडत बसली होती. तिने विचारलं, काय लिहिलं, वाचून दाखवा.

मी वाचून दाखवलं.

तिने सूप खाली ठेवलं. रडली नाही, चिडली नाही. एवढंच म्हणाली, “मले माईत नव्हतं ते तुमी सांगतलं नाही म्हणून. त्याले माह्यं अज्ञान म्हणता?” मग तीच म्हणाली, “पोरीसाठी लिवा. लागते तं लिवा. पण मी केलं ते वंगाळ होतं, असं लिवू नका.”

मी ते वाक्य फिरवून पाहिलं. ‘अनवधानाने’ करून पाहिलं, ‘गैरसमजातून’ करून पाहिलं. ऑफिसात कुणाच्याही गैरवर्तनाचा मसुदा मी पाच मिनिटांत उतरवत असे. त्या दिवशी दुपार झाली तरी मला शब्द सापडला नाही. तिने पोरांना खाऊ दिला होता. त्याची माफी मागता येईल असा शब्द मराठीत नाही, इंग्रजीतही नसावा. मी दौतीला झाकण लावलं.

सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून पोरीला नगरपालिकेच्या शाळेत घातलं. एका खोलीत दोन वर्ग, पावसात एक कोपरा गळायचा, आणि इंग्रजी पाचवीपर्यंत नाही. हे मी झाकून ठेवत नाही. बडे बाबूंना मी स्वतःच जाऊन सांगितलं. ते म्हणाले, तुमच्या मानापायी पोरीचं नुकसान केलंत. मी म्हटलं, झालं असेल, ते आम्ही भरून काढू. घरी तिचा अभ्यास मी घेतो, आणि तिची आई बाजूला बसते.