एकतीस मार्चच्या आतले दात

आमच्या स्टोअर्समध्ये एक ड्रॉवर आहे. कुठल्या तरी मशीनचा उरलेला वॉशर, कुणी तरी परत आणून दिलेला बोल्ट, जिचं कुलूप कुणालाच माहीत नाही अशी एक चावी, असलं सगळं त्यात पडलेलं असतं. यातलं काहीही मी मागवलेलं नाही. पण दरवर्षी तो ड्रॉवर थोडा जास्त घट्ट बसतो. फौंड्रीतल्या किश्श्यांचं तसंच असतं. कुणी साठवत नाही, पण उघडायला गेलं की अंगावर सांडतात!

परवा नोटीस बोर्डावर नव्या विमा पॉलिसीचा कागद लागला. यंदापासून दातांचं कव्हर काढून टाकलंय म्हणे. पोरं कागदाचा फोटो काढून निघून गेली. मी मात्र तिथंच उभा राहिलो. ड्रॉवर सांडला होता.

*

आमची फौंड्री शिरोलीला. लोखंड वितळवायचं, साच्यात ओतायचं, पंपाचे सुटे भाग काढायचे. असल्या ठिकाणी दातांचा विमा कुणाला सुचणार? पण काही वर्षांपूर्वी पुण्याहून ऋतुजा मॅडम एचआरला आल्या आणि त्यांनी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "दातांच्या ट्रीटमेंटसाठी प्रत्येकाला वर्षाला ठरावीक रक्कम मिळणार आहे. एकतीस मार्चपर्यंत वापरली नाही, तर ती लॅप्स होईल."

"लॅप्स म्हंजी?" मागून बाळूनं विचारलं.

"म्हणजे वाया जाईल."

वाटी तिरकी करून रश्श्याचा शेवटचा थेंब संपवणारी माणसं आमची. वाया जाईल म्हणजे काय!

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या केबिनबाहेर ही रांग. पहिला बाळूच.

"काय त्रास होतोय दाताला?" मॅडमनी विचारलं.

"आजून तर काय न्हाय, मॅडम. पर मार्चपत्तर हुईल की!"

*

विम्याच्या यादीतले दातांचे डॉक्टर म्हणजे मंगळवार पेठेतले डॉक्टर मगदूम. सुट्टीच्या दिवशी कास्टिंग वाहायच्या टेम्पोत आम्ही दाटीवाटीनं उभं राहून त्यांच्याकडं जायचो. गल्लीतल्यांना वाटायचं, कुठं तरी मोर्चा निघालाय.

पहिल्या दिवशी डॉक्टरांनी दार उघडून विचारलं, "कोण येतंय पहिलं?"

टेम्पोभर शूर माणसं खाली बघायला लागली. कोपऱ्यात एक भलताच पेशंट बसला होता बिचारा, नुसता रिपोर्ट न्यायला आलेला. त्याला सगळ्यांनी मिळून उभं केलं. "पावणं, तुमी व्हा की फुडं! आमाला काय गडबड न्हाय."

डॉक्टर धर्मानं जैन. दाढ काढली की ते सांगायचे, "पंधरा दिवस मटण बंद." आमच्यात लगेच कुजबुज सुरू झाली, की ह्यो वैद्यकीय सल्ला न्हाय, ह्यो धर्मप्रचार हाय! शेवटी बाळूनं तोंडात कापूस असताना स्पष्टच विचारलं, "खरं सांगा डॉक्टर, मटन खरंच कवा खाऊ?"

डॉक्टर हात धूत होते. मागं न बघता म्हणाले, "आजच खा की. फक्त चावू नका."

*

शंकर हुपरीचा. घरात तीन पिढ्या चांदीचे पैंजण घडवतात, हा एकटाच वाट चुकून लोखंडात आला. त्याची दाढ किडलेली. डॉक्टर म्हणाले, "चांदी भरावी लागेल."

"थांबा," म्हणून शंकर खुर्चीतनं उठला आणि गेलाच. पुढच्या आठवड्यात कागदाची पुडी घेऊन हजर. "घरची हाय. चोख. तुमी मजुरी तेवढी विम्याकडनं घ्या."

डॉक्टरांनी त्याला समजावून सांगितलं, की दातात भरायची चांदी निव्वळ चांदी नसते, तिच्यात दुसरंही काय काय मिसळलेलं असतं. शंकरचा चेहरा एकदम कडक झाला. "भेसळ? आन् ती माझ्या तोंडात? हुपरीत कुणाला कळलं तर आमच्या दुकानाला गिऱ्हाईक यील का?"

शेवटी तडजोड म्हणून पांढरं सिमेंट भरलं. आठवडाभर शंकर कुणाशी धड बोलला नाही. विचारलं, तर गालावर हात ठेवून म्हणायचा, "तीन पिढ्यांची चांदी, लगा. आन् तोंडात सिमेंट!"

*

दुसऱ्या वर्षी पॉलिसीत सुधारणा झाली. आईवडील किंवा सासूसासरे, यातली एक जोडी घेता येईल. मॅडमना वाटलं, लोक खूश होतील. त्यांना काय माहीत, त्यांनी घराघरात सुतळी बॉम्ब ठेवलाय!

बाळू गारगोटीचा. त्याची आई घरातच आणि सासू चार घरं सोडून. दोघींचेही दात गेलेले. बायको एका बाजूनं फुगून बसली, बहिणी दुसऱ्या बाजूनं फोन करायला लागल्या. मार्च उजाडला तरी बाळूचं ठरेना. डब्यातली भाकरी तशीच परत जायला लागली.

एका सोमवारी बाळू हसत आला. म्हणाला, "सुटलं. आईनंच सोडवलं."

"काय म्हणाल्या?"

"म्हनली, दे जा इहिणीला दात. चावती तर आदीपासनंच. आता दिसू तरी देत!"

*

आता तात्यांकडं यावंच लागतं. खरं तर तो कागद वाचताना पहिल्यांदा आठवले ते तात्याच.

तात्या भट्टीवरचे सगळ्यात जुने. आमचा भोंगा एका पावसाळ्यात वीज पडून जळाला, आणि मालकांनी दुरुस्तीचं बघू-बघू म्हणून कधीच बघितलं नाही. तेव्हापासून जेवणाची आणि सुट्टीची खूण म्हणजे तात्यांची शिट्टी. दोन बोटं तोंडात घालायची, आणि अशी काढायची, की मशीन चालू असतानाही पार शेवटच्या शेडमधला माणूस हातमोजे उतरवायचा! शेजारच्या कारखान्यातले लोकही आमच्या शिट्टीवर जेवायला बसायचे. त्यांचा भोंगा चालू होता, तरी!

त्या शिट्टीची दुसरी मालकीण म्हणजे तात्यांची म्हैस, हरणी. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी सजवून रस्त्यावर आणतात, शिंगं रंगवतात. मालक मोटारसायकलवरनं पुढं जातो आणि म्हैस नुसत्या त्याच्या हाकेवर मागं पळते. दाव्याला हात लावायचा नाही. लावला, तर इज्जत गेली. तात्या एक शिट्टी मारायचे, आणि हरणी गर्दी फाडत यायची. बायका माडीवरनं टाळ्या वाजवायच्या. तात्या तेव्हा असे दिसायचे, की आपणही म्हैस पाळावी असं वाटायचं.

आणि एका नवरात्रात ते झालं. दाव्याची गाठ घट्ट बसलेली. तात्यांनी ती दातात धरली. तेवढ्यात हरणीनं मान झटकली. दावं गेलं, आणि दाव्याबरोबर तात्यांचे पुढचे दोन दातही गेले!

शिट्टी संपली. फौंड्रीत रुळाच्या तुकड्यावर हातोडा मारून जेवण जाहीर व्हायला लागलं. आरतीला आल्यासारखं वाटायचं. ते परवडलं. पण पाडव्याला तात्यांनी मोटारसायकल पुढं काढली, हाका मारल्या, हॉर्न वाजवला, तोंडात बोटं घातली. नुसती हवा. हरणी रस्त्याच्या मधोमध उभी राहून अनोळखी माणसाकडं बघावं तशी त्यांच्याकडं बघत राहिली. कोण तरी हसलं. मग सगळेच हसले. तात्यांनी तिला दाव्यानं ओढत घरी नेलं.

त्यानंतर तात्या बोलायचेच कमी झाले.

*

त्या मार्चअखेरीस तात्या रिटायर होणार होते. म्हणजे त्यांचं कव्हर त्याच दिवशी संपणार. आम्ही मागं लागलो, तर आयुष्यभर उकळत्या लोखंडाशेजारी उभा राहिलेला हा माणूस इंजेक्शनला घाबरायचा!

"बगू की एप्रिलात," तात्या म्हणायचे.

ऋतुजा मॅडम कळवळून म्हणाल्या, "तात्या, एप्रिलमध्ये तुम्ही नसणार!"

तात्या हबकले. "म्हंजी? तुमास्नी काय कळलंय काय?"

त्या भीतीनं का असेना, तात्या टेम्पोत चढले. डॉक्टरांनी काढ-घाल करायचे दोन दात बनवले. पांढरेशुभ्र, सरळ, एकाला एक चिकटून. आम्ही आरसा धरला. तात्यांनी आरशाकडं बघितलंही नाही. बोटं तोंडात घातली आणि फुंकर मारली.

फुस्स.

"तात्या, दात खायला असतात," डॉक्टर समजावायला लागले.

"खायाला दाढा हायत. ह्ये फुडचं म्हशीसाठी हायत."

तेव्हा शंकरला आठवलं. तात्यांच्या जुन्या दातांत फट होती! कान कोरायची काडी दिवसभर त्या फटीत अडकवून ते काम करायचे. डॉक्टर म्हणाले, फट ठेवतो, पण किती ठेवू? झालं! फौंड्रीतल्या माणसांना माप विचारलं. एक म्हणाला एवढी, दुसरा म्हणाला तेवढी. मी टेम्पो घेऊन शिरोलीला गेलो आणि स्टोअर्समधलं फीलर गेज घेऊन आलो. मशीनच्या भागांमधली फट मोजायच्या त्या पोलादी पात्या बघून डॉक्टर मागं सरकले.

"यानं दात मोजायचे?"

"तुमी फकस्त घासा डॉक्टर," बाळू म्हणाला. "इन्स्पेक्शन आमी करतो."

काडीची जाडी मोजली. डॉक्टरांनी घासलं. फुस्स. परत घासलं. फुर्रर. बाहेर गल्लीत आमची सगळी शिफ्ट खिडकीला डोळे लावून उभी. एकतीस मार्चची संध्याकाळ, तात्यांचा सत्कार दुपारीच झालेला, गळ्यातला हार अजून तसाच. डॉक्टरांनी कपाळाचा घाम पुसला आणि पातळातली पातळ पाती फिरवावी इतकं हलकं घासलं.

आणि ती आली!

मंगळवार पेठेत माणसं जागच्या जागी थांबली. समोरच्या दुकानातलं वजन तराजूत राहिलं. आणि आमची शिफ्ट? सगळ्यांचे हात हातमोजे उतरवायला गेले होते. हातमोजे कुणाच्याच हातात नव्हते.

तात्यांनी घड्याळाकडं बघितलं. "सुटी झाली," म्हणाले, आणि खुर्चीतनं उतरले.

*

पण हरणी रुसलेलीच होती. त्या रात्री तात्यांनी गोठ्यात शिट्टी मारली, तर तिनं मान वळवली, बघितलं आणि रवंथ चालू ठेवला. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. तात्या रोज शिट्टी मारायचे. ती रोज बघायची.

"पाडव्याला काढू नगा तात्या तिला," मी एकदा घरी जाऊन सांगितलं. "परत हसतील."

"हसूदेत की," तात्या म्हणाले. पण शिंगांचा रंग त्यांनी आधीच आणून ठेवला होता.

पाडव्याला आम्ही सगळे गेलो. बाळू, शंकर, झाडून सगळी शिफ्ट. ऋतुजा मॅडमही आल्या. हरणीच्या शिंगांना मोरपिसं, गळ्यात नव्या दोरीत ओवलेली घुंगरं. तात्यांनी मोटारसायकल पुढं नेली, पार चौकाच्या टोकाला. उतरले. दावं कुणाच्याच हातात नव्हतं.

पहिली शिट्टी. हरणी जागची हलली नाही. मागं कोण तरी खिदळलं. शंकरनं वळून असं बघितलं, की ते खिदळणं अर्ध्यातच राहिलं.

दुसरी शिट्टी. हरणीचे कान उभे राहिले.

तिसरी शिट्टी तात्यांनी पुरी मारलीच नाही. त्याआधीच ती निघाली होती! घुंगरं वाजवत, गर्दी फाडत, मोरपिसं उडवत ती अशी सुटली, की माडीवरच्या बायका टाळ्या वाजवायच्या विसरल्या. आणि तिच्या मागं आमची शिफ्ट पळत होती. का पळत होती, ते कुणालाच सांगता आलं नसतं. मॅडम चपला हातात घेऊन पळत होत्या!

आम्ही पोचलो, तेव्हा हरणी तात्यांच्या छातीला डोकं घासत होती. तात्या तिच्या कपाळावरनं हात फिरवत होते आणि डोळे पुसत होते. पळण्यात गळ्यातली घुंगरांची दोरी आवळली होती. तिला धड श्वास घेता येईना. तात्यांनी गाठ चाचपली. नवी दोरी, घट्ट गाठ. बोटांनी सुटेना. आणि जन्माची सवय! त्यांनी वाकून ती गाठ तोंडाजवळ नेली.

"तात्याऽऽ!" आमची सगळी शिफ्ट एका आवाजात ओरडली. "पॉलिसी संपलीया!"

तात्या थांबले. त्यांनी आमच्याकडं बघितलं, हरणीकडं बघितलं. मग शांतपणे पुढचे दोन्ही दात काढले, शर्टाच्या खिशात ठेवले, खिशाचं बटण लावलं आणि ती गाठ माझ्या तोंडापुढं धरली.

"दिन्या, तुजी आजून चालू हाय न्हवं?"