सरळ जा म्हणणारा आल्वीझे

आल्वीझे बुझेत्तोने आयुष्यात असंख्य लोकांना वाट सांगितली, पण त्यातले मुक्कामी पोचलेले फार थोडे.

"सरळ जा," एवढंच तो म्हणायचा. व्हेनिसमध्ये सरळ अशी एकही गल्ली नाही. जी सरळ दिसते ती चार पावलांवर कालव्यात तरी उतरते, नाहीतर कुणाच्या तरी परसात शिरते. पण विचारणाऱ्याला हेच ऐकायचं असतं आणि सांगणाऱ्याला लवकर सुटायचं असतं, म्हणून अख्खं गाव पिढ्यानपिढ्या हेच उत्तर देत आलंय. आल्वीझेने त्यात स्वतःची थोडी भर घातली होती. 'सरळ जा' म्हणताना त्याचा हात नेहमी आपल्या चौकाच्या उलट दिशेला जायचा.

कारण त्या चौकात नीवेसचं दुकान होतं. उभ्याउभ्या वाइन प्यायची एका खिडकीची जागा. लाकडी ओटा, त्यावरच्या काचेच्या पेटीत कांदा-व्हिनेगरमध्ये मुरवलेली तारली आणि पावाच्या तुकड्यांवर थापलेला, फेटून मऊ केलेला कॉड मासा. आल्वीझे बोटींची इंजिनं दुरुस्त करून निवृत्त झाला, मग बायको वारली, मुलगी लग्न होऊन लांबच्या पुलापलीकडे मेस्त्रेला, मोटारींच्या गावात गेली. तेव्हापासून त्याचा दिवस नीवेसच्या ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात एका छोट्या पेल्याने सुरू व्हायचा आणि त्याच कोपऱ्यात जिल्दोशी भांडून संपायचा. जिल्दो म्हणजे कारखान्यातला त्याचा जुना जोडीदार. दोघांनी मिळून जितकी इंजिनं उघडली, त्याहून जास्त वेळा अबोला धरला.

मुलगी फोनवर म्हणायची, "बाबा, या ना इकडे. लिफ्ट आहे, दारात बस येते."

"आणि बोलू कुणाशी? लिफ्टशी? नीवेस पेला भरतेय तोवर मी हलत नाही."

मुलीला हे पाठ होतं. ती फक्त नीवेसच्या तब्येतीची चौकशी करायची.

सप्टेंबरात एकदा ओटा पुसता पुसता नीवेस म्हणाली, "नाताळ झाला की कुलूप लावणार मी."

"कशाला?"

"रोजची गिऱ्हाइकं कोण उरलीत? तू, जिल्दो आणि जिल्दोचा कुत्रा. त्यातला कुत्रा पीत नाही."

"गावभर टूरिस्ट लोटलेत की!"

"गावभर आहेत, माझ्याकडेच नाहीत. मला वाटायचं, माझ्या हाताची चव गेली. काल कोपऱ्यावरच्या पेरिनाने सांगितलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. म्हणे, तुमचा आल्वीझे मोठ्या रस्त्यावरच्या पुलाशी उभा राहून एकेकाला माघारी धाडतो. वर्षानुवर्षं!"

जिल्दोला हसू आवरेना. "व्हॉल्व्ह आहे तो, नीवेस. एकाच बाजूने सोडतो. बाकी काही नाही, पण गळत कधी नाही."

आल्वीझेने पेला रिकामा केला. डोळ्यांपुढे ती लिफ्ट वरखाली व्हायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी तो पुलाशी प्रामाणिक माणूस म्हणून उभा राहिला. एक डच जोडपं आलं. "रिआल्तोचा पूल कुठे?"

"रिआल्तो मरू दे. खऱ्या जागी जा. बेनियामिनोच्या मटणाच्या दुकानाशी डावीकडे, चांभाराच्या पुढे पूल, पूल उतरलात की ताज्या पावाचा वास येईल. त्या वासामागे जा. नीवेसला सांगा, आल्वीझेने पाठवलंय."

दोघांनी मनापासून आभार मानले. आल्वीझेने दिवसभर असे कितीतरी लोक मार्गी लावले आणि संध्याकाळी विजयी वीरासारखा दुकानात शिरला. आत जिल्दो होता आणि कुत्रा होता.

"कुणीच आलं नाही?"

"काय सांगितलंस त्यांना?" नीवेसने विचारलं. त्याने सगळा रस्ता पाठ म्हणून दाखवला. नीवेसने फडका ओट्यावर आपटला. "अरे, बेनियामिनो वारला. तू खांदा दिलास त्याला."

"ते माहीत आहे गं. पण दुकान..."

"दुकानात मुखवटे विकतात. चांभाराच्या जागी आइस्क्रीम आहे. आणि बेकरी बंद झाली तेव्हा रागाने तूच आठवडाभर पाव खाल्ला नव्हतास!"

हे सगळं आल्वीझेला ठाऊक होतं. तो रोज त्याच गल्लीतून यायचा. पण रस्ता पायांना पाठ असल्यामुळे डोळ्यांना कधी काम पडलं नव्हतं. आयुष्यभर खोटं सांगून त्याने लोक चुकवले. खरं सांगायला गेला, तर अधिकच चुकले.

सकाळी तो नव्याने वाट बघायला निघाला. मुखवटे, मुखवटे, काचेचे घोडे, आइस्क्रीम, पुन्हा मुखवटे. यातली खूण सांगणार तरी कोणती? शेवटी त्याने खुणांचा नाद सोडला आणि पुलाशी येऊन म्हणाला, "चला माझ्यामागे." एकदा लोक मागे चालायला लागले, की तोंड गप्प ठेवणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

"उजवीकडून चाला! गल्ली काय मावशीची आहे, आडवे पसरायला? पुलावर थांबू नका. फोटो काढायचाय, तर खाली उतरून काढा, मागे बाई भाजीची पिशवी घेऊन खोळंबलीये. अहो ताई, ती चाकांची बॅग उचला, पायऱ्यांवरून खडखड ऐकून मेलेले उठतील. बाटली विकत घेतलीत? मग हा नळ काय शोभेला ठेवलाय? पाणी चांगलं आहे, भरा. पायरीवर बसून खाल तर दंड, कबुतराला घालाल तरी दंड. बोटीत चढताना पाठीवरची पिशवी हातात घ्या, तुम्ही वळलात की कुणाचा तरी चष्मा जातो. गोंडोला कशाला? मोठा कालवा नुसता ओलांडायचा असेल, तर आमची साधी होडी आहे. उभ्याने जायचं. पडलात तर तुमचं नशीब."

आणि दुकानाच्या दारात, "बसायला जागा शोधू नका. खुर्चीत बसलात की या गावात त्याच कॉफीचा भाव चढतो. उभं राहा, प्या, निघा. मागच्यालाही तहान लागलीये."

दोन दिवसांत लोक कंटाळून पळतील, असं जिल्दोने सांगून ठेवलं होतं. झालं उलटंच. या गावात ज्याला त्याला लवून नमस्कार मिळतो आणि नंतर बिल मिळतं. फुकट ओरडणारा माणूस लोकांना पहिल्यांदाच भेटत होता. त्यांनी त्याचे व्हिडिओ टाकले. पुलाशी माणसं त्याला शोधत यायला लागली. एकदा त्याचा घसा बसला होता, म्हणून तो मुकाट्याने पुढे चालला, तर एक अमेरिकन बाई हिरमुसली. "आमचं काही चुकलं का? तुम्ही ओरडत का नाही?"

मुलीचा फोन आला. "बाबा, काय बोलता हो लोकांना! माझ्या ऑफिसात सगळ्यांनी बघितलं."

"मग? बरोबर बोलतो ना?"

"म्हणजे तुम्ही काही येत नाही," ती म्हणाली. आवाजात राग होता की सुटका, ते त्याला कळलं नाही.

नोव्हेंबरात नीवेसने दुसरी काचेची पेटी घेतली. कुलपाचं तिने पुन्हा नाव काढलं नाही आणि आल्वीझेनेही विचारलं नाही. चालू इंजिनाला उगाच हात लावू नये, हे त्याला कळत होतं.

एका सकाळी तो पेल्यासाठी आला, तर जिल्दो चौकातल्या विहिरीच्या कठड्यावर पेला ठेवून थंडीत उभा होता. कुत्रा त्याच्या पायांत.

"आत का नाही गेलास?"

"शिरून दाखव."

दारात रांग होती. डाव्या कोपऱ्यात कोरियन विद्यार्थी उभे होते, कोपरं अंगाशी, पिशव्या पायाशी. आल्वीझेने शिकवलं होतं अगदी तसे. बोट ठेवायला जागा नव्हती. तो बाजूने सरकला, तेव्हा एका मुलीने अदबीने अडवलं. "काका, रांग तिथून आहे."

"मी इथला आहे."

"आम्हाला इथलंच बघायचंय," ती आनंदाने म्हणाली आणि त्याचा फोटो काढला.

मागून जिल्दो ओरडला, "प्या, निघा! मागच्यालाही तहान लागलीये!"

आल्वीझे काहीतरी जळजळीत बोलणार, तेवढ्यात गर्दीच्या डोक्यांवरून नीवेसचा आवाज आला. "वेंधळ्यासारखा दारात काय उभा राहिलास? ओट्याखालून आत ये."

गुडघे कुरकुरवत तो ओट्याखालून वाकून पलीकडे निघाला. इतक्या वर्षांत त्याने ही बाजू कधी पाहिली नव्हती. इथून सगळ्यांचे चेहरे दिसत होते. नीवेसने त्याच्या खांद्यावर पंचा टाकला.

"पेले संपलेत. बेसिन तिकडे."

"मी गिऱ्हाईक आहे, नीवेस."

"गिऱ्हाइकं पलीकडे उभी आहेत. तुला उभं राहायचंय की मेस्त्रेला जायचंय?"

आल्वीझेने बाह्या सारल्या. बेसिनच्या कडेला, साबणाच्या बाटलीआड, त्याच्यासाठी एक पेला भरून ठेवलेला होता. त्याने ओला हात तिकडे नेला.

"आधी धू," मागे वळूनही न बघता नीवेस म्हणाली.