माझ्या नावानं कुणीतरी बोलत होतं

थळच्या कोळीवाड्यात मी अंगणवाडी चालवते. एका दुपारी मुलांना खिचडी वाढून हात धुतला, तोच घरच्या ग्रुपवर बोर्लीच्या नणंदेचा मेसेज आला. मुलींसाठी नवी योजना आहे, तुमच्या फोनवर सहा आकडी कोड येईल, तो मला पाठवा.

कोड कुणाला द्यायचा नाही, हे मीच महिन्यापूर्वी आयांच्या बैठकीत सांगितलं होतं. तरी खाली पाहिलं तर जावेनं लिहिलेलं, "माझं झालं." मामीनंही. घरात आपणच तेवढ्या मागे राहणार, असं वाटलं आणि मी कोड पाठवला.

पाच मिनिटांत माझं व्हॉट्सअ‍ॅप बंद पडलं.

मदतनीस बाईंनी त्यांचा फोन माझ्यापुढे धरला. "बाई, तुम्ही समोर बसलाय, मग हे कोण लिहितंय?"

आयांच्या ग्रुपवर माझ्या फोटोखाली मेसेज होता, 'कृपया आपला कोड त्वरित पाठवा.' दोघींनी 'हो बाई' लिहिलं होतं. मदतनीस बाईंना मी 'पाठवू नका' असं टाकायला लावलं. क्षणभरात तो मेसेज पुसला गेला आणि त्यांनाच ग्रुपमधून काढलं. ग्रुपची प्रमुख मी होते. म्हणजे आता माझ्या नावानं लिहिणारा तो चोर प्रमुख होता.

फोन लावत बसले असते तर उशीर झाला असता. चपला घातल्या आणि निघाले. पहिल्या घरी मासळी वाळत घालणारी आई हात पुसत म्हणाली, "दिला की. तुम्हीच मागितलात ना?"

तिच्या चेहऱ्यावर संशय नव्हता, तेच मला सोसेना. पुढच्या घरी कडी वाजवली. तिथंही कोड गेला होता. तिसरीकडे मात्र एक पोरसवदा आई फोन उलटा ठेवून बसली होती.

"मी न्हाय दिला," ती म्हणाली. "आमच्या बाई कधी कृपया म्हणत न्हाईत. 'गो, लवकर दे' म्हणतात. पन सगल्या देत होत्या, म्हनून माजाबी हात जात होता."

ती उठली आणि वाड्याची दुसरी बाजू तिनं घेतली. तासाभरात सगळी घरं झाली. चौघींचे कोड गेले होते. त्यांना घेऊन मी अलिबागला तक्रार द्यायला गेले. पोलिसांपुढे 'कोड मीच दिला' हे म्हणताना मान वर होईना. तिथून नणंदेला फोन केला, तेव्हा कळलं की तिचं व्हॉट्सअ‍ॅप सकाळीच कुणीतरी ताब्यात घेतलं होतं. जावेचं आणि मामीचंही. ते 'माझं झालं' त्यांचं नव्हतंच.

आठवड्याभरात सगळ्यांची व्हॉट्सअ‍ॅप खाती परत मिळाली. पहिल्या घरातली ती आई मात्र अजून माझा मेसेज आला की आधी फोन करते. माझा आवाज ऐकते आणि मगच उत्तर देते. मला ते लागतं, पण मी तिला थांबवत नाही.