प्रभाताईंचा डावा डोळा

प्रभाताईंचे डोळे घारे. रत्नागिरीहून लग्न होऊन दिल्लीला आल्या, तेव्हा नेताजीनगरच्या सरकारी क्वार्टरमधल्या शेजारणी "बिल्ली जैसी आँखें" म्हणून हसायच्या. प्रभाताईंना मात्र मनातून त्याचा अभिमान होता. तेवढंच काय ते या घरात त्यांचं एकटीचं होतं. बाकी सगळं आधी सरलाचं.

सरला म्हणजे भालचंद्ररावांची पहिली बायको. ती बाळंतपणात गेली आणि प्रभाताईंना बिजवराला दिलं. भिंतीवरच्या फोटोतून सरला काळ्याभोर डोळ्यांनी, दाट पापण्यांआडून बघायची. प्रभाताईंनी नवी साडी आधी त्या फोटोला दाखवायची, मग नेसायची. पितृपंधरवड्यात अविधवा नवमीला, म्हणजे नवऱ्याआधी गेलेल्या बाईच्या तिथीला, तिच्या नावाने सवाष्ण जेवू घालायची. तीस-एकतीस वर्षं प्रभाताईंनी हे बिनबोभाट केलं. जिवंत सवतीशी भांडता तरी येतं हो. फोटोतल्या सवतीशी काय भांडणार कपाळ!

दोन हजार तीन साली भालचंद्रराव मंत्रालयातून निवृत्त झाले, क्वार्टर सुटलं आणि दोघं गाझियाबादला वसुंधरामधल्या फ्लॅटवर आली. सामान लावण्याच्या धांदलीत त्या वर्षीची नवमी चुकली. पहिल्यांदाच.

त्याच थंडीत डाव्या डोळ्यात काचबिंदू निघाला. तपासणीसाठी घातलेल्या थेंबांनी बाहुल्या मोठ्या झालेल्या, म्हणून प्रभाताई बाहेर बाकावर डोळे मिटून बसल्या होत्या. डॉक्टर जे बोलले, ते एकट्या भालचंद्ररावांशी. बाहेर येऊन ते एवढंच म्हणाले, "रोज संध्याकाळी एक थेंब. चुकवायचा नाही." प्रभाताईंना नेम साधेना, म्हणून दिवेलागणीला तेच थेंब घालू लागले.

नऊ-दहा महिन्यांनी पुन्हा नवमी आली. मराठी मंडळातल्या सुनंदा केळकर सवाष्ण म्हणून जेवायला आल्या. वरणभात कालवता कालवता त्यांचा हात थांबला.

"अगं प्रभा, एकाच डोळ्यात काजळ घातलंयस का?"

प्रभाताई हसल्या. पण सुनंदा गेल्यावर त्या आरशासमोर उभ्या राहिल्या. उजवा डोळा तळहाताने झाकला. डाव्या डोळ्याच्या पापण्या लांब, दाट झाल्या होत्या. कडा काळसर होत्या. आणि बुबुळातला घारा रंग गेला होता. तिथे काळसर तपकिरी, ओळखीचा डोळा होता. फोटो खाली काढून त्यांनी शेजारी धरला. दोन्हीकडून सरलाच बघत होती.

मग एकेक गोष्ट लक्षात येऊ लागली. भालचंद्रराव हल्ली सोफ्यावर त्यांच्या डावीकडेच बसायचे. जेवतानाही डावीकडे. थेंब घालून झाल्यावर हनुवटीखालचा हात लगेच काढायचे नाहीत.

चुकलेल्या नवमीचं हे देणं, प्रभाताईंनी ठरवलं. ती डोळ्यात येऊन बसली आहे, आणि तिला आपणच रोज संध्याकाळी खाऊपिऊ घालतो आहोत.

"उद्यापासून थेंब मी घालेन," त्या म्हणाल्या.

"राहू दे ना, मी घालतो की," भालचंद्रराव घाईने म्हणाले. त्यांच्या आवाजातली ती विनवणी ऐकून प्रभाताईंचा निश्चय पक्का झाला. रोज संध्याकाळी त्या बाथरूममध्ये जायच्या आणि थेंब बेसिनमध्ये सोडायच्या.

दोन-तीन महिन्यांत पापण्या विरळ झाल्या, कडा उजळल्या. बुबुळ मात्र गडदच राहिलं. जाईल, तेही जाईल, असं म्हणत प्रभाताई वाट बघत राहिल्या. डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटायला लागला, डाव्या हाताकडचं दुधाचं पातेलं दोनदा लवंडलं. दुखत काहीच नव्हतं. सरला चालती झाली, या आनंदात त्यांनी तिकडे काणाडोळा केला.

फेब्रुवारीत डॉक्टरांनी तपासलं आणि त्यांचा चेहराच पडला.

"दवा बंद की थी? जितनी नज़र गई, वह अब वापस नहीं आएगी, माताजी."

प्रभाताईंनी चाचरत रंगाचं विचारलं.

"वह तो दवा का असर है. पलकें लंबी होती हैं, आँख का रंग गहरा होता है, और रंग वैसा ही रहता है. साहब को पहले दिन ही बताया था. आप कहतीं तो दूसरी दवा दे देते."

प्रभाताईंनी नवऱ्याकडे बघायचं म्हटलं. ते डावीकडे बसले होते. पूर्ण मान वळवली तेव्हा कुठे दिसले.

रिक्षात त्यांनी विचारलं, "का नाही सांगितलंत?"

रिक्षा हिंडन नदीच्या पुलावर आली. भालचंद्रराव म्हणाले, "सांगितलं असतं, तर तू औषध बदलून घेतलं असतंस." मग त्यांच्या डाव्या डोळ्याकडे बघत म्हणाले, "इतक्या वर्षांनी दिसली गं."

प्रभाताई रडल्या नाहीत. रडायला हवं होतं, असं त्यांना नंतर फार वाटलं.

औषध तेच चालू आहे. बदलून द्या, असं त्यांनी मागितलं नाही. त्यांना नेम साधत नाही, तेव्हा रोज दिवेलागणीला त्या मान मागे टाकतात आणि भालचंद्रराव थेंब घालतात. पापण्या पुन्हा दाट झाल्या आहेत. थेंब घालून झाला की ते त्यांच्या डावीकडे येऊन बसतात. प्रभाताईंना ते तिथे दिसत नाहीत; त्या बाजूला आता नुसता अंधार आहे. त्या समोरच्या भिंतीकडे बघत बसायचं ठरवतात. पण डावा डोळा हळूहळू भालचंद्ररावांकडे वळतो, आणि उजव्याला त्याच्यामागून जावं लागतं.