तीनदा वळणारी मान

आमच्या बिबवेवाडीच्या घरी रोज संध्याकाळी एक मालिका लागते. तिच्यातल्या सासूबाईंच्या अभिनयाला माझा साष्टांग नमस्कार! बातमी बारशाची असो वा मरणाची, बाई हातातलं ताट सोडणार, मान तीनदा गर्रकन वळवणार आणि मागे ढणाढण संगीत वाजणार. इतका काटकसरी अभिनय दुसरीकडे मिळायचा नाही, असं मी बायकोला रोज ऐकवायचो. ती हसायची नाही. टक लावून बघत राहायची.

परवा दुपारी विश्रांतवाडीहून फोन आला. तिचा भाऊ गेला होता. मी स्वयंपाकघरात जाऊन तिला सांगितलं. तिच्या हातातलं ताट पडलं. मान माझ्याकडे वळली. सरळ झाली, पुन्हा वळली. मग पुन्हा.

टीव्ही बंद होता. तरी मी संगीत सुरू व्हायची वाट बघत उभा होतो.